परसबाग, महाराष्ट्रातील

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या गरजेसाठी जोपासलेली लहान बाग. फुलझाडे, भाजीपाला, औषधी वनस्पती व दोनचार फळझाडे तीत एकत्र असतात. परस, परसदार, परडे अशी तिच्या जागेची प्रादेशिक नावे असून कोकणात नारळीपोफळीच्या आगराचाच एक भाग म्हणून ती आढळते. विक्रीसाठी केलेला मळा आणि शोभेसाठी आखलेले उद्यान यांपासून ती भिन्न होय. तिच्या उत्पन्नाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. त्यामुळे तिचा इतिहास दप्तरांपेक्षा ग्रंथांतील ओझरते उल्लेख, सणावारांचे आचार, झाडांची नावे आणि पाण्याच्या जुन्या सोयींचे अवशेष यांवरूनच जुळवावा लागतो.

या इतिहासात वसंत ऋतूला विशेष महत्त्व आहे. चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने मानले जातात. यूरोपातील थंड प्रदेशांत बर्फ वितळून जमीन ओली व ऊबदार होते तेव्हा वसंत सुरू होतो. तेथील बागकामाचे वर्षही तेथूनच मोजतात. दख्खनच्या पठारावर याच्या उलट स्थिती असते. पुण्यास वर्षाकाठी सरासरी सु. ७० सेंमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. चैत्र उजाडतो तेव्हा शेवटचा भरवशाचा पाऊस होऊन पाच-सहा महिने लोटलेले असतात, विहिरींचे पाणी तळाला जाऊ लागते आणि दुपारचे तापमान ३५° से. च्या पुढे जाते. पळस, पांगारा, करंज, कडुनिंब, शिरीष यांसारखे खोल मुळांचे वृक्ष अशा दिवसांतही आपल्या बळावर फुलतात. परंतु मोगरा, अनंत, दवणा, गुलाब यांसारखी घराजवळची लहान झाडे माणसाने पाणी घातल्याशिवाय फुलत नाहीत. परसातील वसंत हा अशा रीतीने ऋतूपेक्षा श्रमाचा आणि पाण्याचा असतो. पाणी ज्याच्या दारी होते त्याच्याच दारी तो येत असे.

प्राचीन उल्लेख : घरालगतच्या बागेचे बरेच तपशीलवार वर्णन वात्स्यायनाच्या कामसूत्रात (इ. स. सु. तिसरे शतक) येते. गृहिणीची कर्तव्ये सांगताना ग्रंथकाराने हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप इत्यादींची लागवड तिच्याकडे सोपविली आहे. कुब्जक, मल्लिका, जाती, कोरांटी, नवमालिका, तगर, जास्वंद ही फुलझाडे तिने लावावीत, मुळा, पालक, दवणा, काकडी, वांगे, कोहळा, भोपळा, सुरण इत्यादींचे बी वेळच्या वेळी जमवून योग्य काळी पेरावे आणि बागेच्या मध्यभागी विहीर, बारव किंवा तळे खणवून घ्यावे, असे तो सांगतो. बाग घरातील स्त्रीची, तिची कामे हंगामानुसार बांधलेली आणि तिच्या मध्यभागी पाणी, ही तिन्ही लक्षणे पुढे शतकानुशतके टिकलेली दिसतात. यादीतील दवणा, मोगरा (मल्लिका) व कोरांटी ही महाराष्ट्राच्या परसात आजही आढळतात.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात पाण्याचे वेळापत्रकच दिले आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असा तो नियम आहे. बागेत किंवा घरी प्रथम लावण्याच्या मंगल वृक्षांत अशोक, पुन्नाग व शिरीष यांची नावे येतात. हे सर्व साधारणपणे वसंताच्या आसपास फुलणारे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संस्कृत नाटकांतून वसंताला राजवाड्याच्या प्रमदवनाची पार्श्वभूमी मिळाली. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात सुंदर स्त्रीच्या पदाघाताने अशोक फुलण्याचा संकेत कथेचा आधार होतो, तर हर्षाच्या रत्नावलीत (सातवे शतक) मदनोत्सवाबरोबरच अवेळी नवमालिका फुलविण्याच्या युक्तीचा प्रसंग आहे. या युक्तीला ‘दोहद’ म्हणत. त्यातील काव्याचा भाग सोडला, तर झाडाला हवे त्या वेळी फुलविण्यासाठी काही विशेष उपचार करावा लागतो ही माळ्याची जाण तिच्यामागे असावी. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या सातवाहन राजा हाल याच्या नावावरील संग्रहात मात्र दरबारी उपवनापेक्षा खेड्यातला वसंत दिसतो. फाल्गुनोत्सव व आंब्याचा मोहोर यांचे उल्लेख तीत वारंवार येतात.

मध्ययुगीन काळ : माळी आणि पाट हे मराठी संतवाङ्‌मयाला परिचित असलेले दृश्य होते. माळी नेईल तिकडे पाणी मुकाट्याने जाते, हा दृष्टांत ज्ञानेश्वरीत (१२९०) निरहंकारी कर्मासाठी योजिला आहे. मोटेचे पाणी दांडातून वाफ्यात वळविण्याचे काम ज्यांनी पाहिले होते अशा श्रोत्यांनाच तो सहज समजण्यासारखा होता. ज्ञानेश्वरांचे समकालीन अरणगावचे संत सावता माळी यांनी तर आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला.

शिवकालीन व उत्तर-शिवकालीन राज्यव्यवहारात झाडांचा विचार प्रामुख्याने लाकूड, फळे व रयतेची मालमत्ता या दृष्टींनी केलेला आढळतो. तथापि रामचंद्रपंत अमात्यकृत आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असा दंडक घालून दिला असून गडावर आंबा, फणस, चिंच यांसारखे मोठे वृक्ष व निंबे, नारिंगे यांबरोबर फुलझाडे आणि वेलीही लावाव्यात व जतन कराव्यात असे म्हटले आहे. उपयोगाचे झाड व निरुपयोगी झाड असा भेद तेथे मुद्दामच केलेला नाही.

नवी झाडे : आज पारंपरिक वाटणाऱ्या परसबागेचा मोठा भाग सोळाव्या शतकानंतरचा आहे. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर अमेरिका खंडातील वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर येऊ लागल्या. मिरची, पेरू, पपई, अननस, काजू या खाद्य वनस्पतींचा प्रवास सर्वश्रुत आहे; फुलझाडांचा तितकासा नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मूळ मेक्सिकोतील. गुलबक्षी, कर्दळ व देवळाच्या आवारात हटकून दिसणारा खुरचाफा ही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील, निशिगंध पुन्हा मेक्सिकोचा, तर सदाफुली व गुलमोहोर मादागास्करचे. यांपैकी काही थेट गोव्याहून, तर काही इतर मार्गांनी व बऱ्याच नंतर आली. त्यांतील गुलबक्षी, गुलछडी (निशिगंध), गुलमोहोर यांना फार्सी वळणाची नावे मिळाल्याने ती इराणातून आली असावीत असा समज होतो, तो चुकीचा आहे. गोव्यात राहून गार्सीया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेला औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात प्राजक्तासारख्या एतद्देशीय झाडाचे वर्णन आहे. बाहेरची झाडे येथे रुजत असताना येथल्या झाडांची माहिती बाहेर जात होती, हे त्यावरून दिसते.

या नव्या झाडांनी परसबागेच्या फुलण्याच्या दिनक्रमात भर घातली. पण वसंताची जागा त्यांनी घेतली नाही. झेंडू शरद ऋतूचा, गुलबक्षी पावसाळ्यातील संध्याकाळची. चैत्रातले मान मोगरा, बकुळ, अनंत, दवणा व मरवा यांचेच राहिले. कोकणात त्यांच्या जोडीला सुरंगी येते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान तिच्या फांद्या फुलांनी भरतात. तिचे गजरे सुकल्यावरही बराच काळ वास धरून ठेवतात. गोव्यात व दक्षिण कोकणात अबोलीचे वळेसर तितकेच प्रिय आहेत, यद्यपि अबोलीला वास नाही.

पेशवाईतील पुणे : परसबाग व पाणीपुरवठा यांचा संबंध अठराव्या शतकातील पुण्यात स्पष्ट दिसतो. नानासाहेब पेशव्याच्या काळात (कार. १७४०–६१) कात्रजच्या तलावांतील पाणी बांधीव भुयारी नळाने शहरात आणण्यात आले व शनिवारवाड्यासह निरनिराळ्या पेठांतील हौदांतून ते खेळविले गेले. फडके हौद, नाना हौद, सदाशिव पेठ हौद ही ठिकाणांची नावे त्याची साक्ष देतात. मातब्बर सरदारांच्या वाड्यांतही हौद झाले. वाड्याच्या मागील चौकात हौद किंवा आड, त्याच्या शेजारी तुळशीवृंदावन, जाईजुईचा मांडव, मोगऱ्याची आळी आणि मोरीच्या पाण्यावर अळू, केळ व कर्दळ अशी मांडणी रूढ झाली. याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधून सारसबाग व हिराबाग करण्यात आल्या; शनिवारवाड्यात पुढे कमळाकृती हजारी कारंजे उभारले गेले. ही राजविलासाची उद्याने होत. परंतु त्यांच्यासाठी व पेशव्यांच्या देवघरांसाठी फुले पुरविणाऱ्या माळी कुटुंबांमुळे शहराभोवती फुलांचे मळे वाढले. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आडनाव अशाच व्यवसायावरून पडलेले आहे. कलमे, दाबे व बी यांची देवघेव या माळ्यांमार्फत होऊन अनेक झाडे मळ्यातून परसात आली असावीत.

हंगामी कामे : परसातील वसंताची तयारी दसरा-दिवाळीपासूनच सुरू होते. पावसाळा सरला की गवत काढून जमीन खुरप्याने भुसभुशीत करतात. आश्विन-कार्तिकात गुलाबाची छाटणी होते. त्याच वेळी मुळांवरची माती सावकाश काढून ती काही दिवस उघडी ठेवण्याची आणि नंतर खत-माती घालून आळे पुन्हा भरण्याची पद्धत आहे. दवण्याचे बी याच सुमारास वाफ्यात टाकतात. बी अतिशय बारीक असल्याने ते राखेत किंवा वाळूत मिसळून पेरावे लागते.

सर्वांत कौशल्याचे काम मोगऱ्याचे. हे झाड सतत पाणी मिळाल्यास पानांनी माजते व फुले तुरळक देते. म्हणून मार्गशीर्षाच्या आसपास त्याचे पाणी तोडतात; यालाच ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागली, की पौषात जमिनीपासून हात-दीड हात उंची ठेवून झाड छाटतात, उरलीसुरली पानेही ओरबाडून काढतात, बुंध्याभोवतीची माती खणून मुळांना ऊन दाखवितात आणि मग चांगले कुजलेले शेणखत घालून भरपूर पाणी देतात. त्यानंतर नवी फूट येऊन दीड-दोन महिन्यांत कळ्या धरतात, म्हणजे फाल्गुन-चैत्रात बहर सुरू होतो. ताण कमी पडला तर कळ्या येत नाहीत व जास्त झाला तर झाडच मरते. पानाचा रंग व खोडाची साल पाहून योग्य वेळ ओळखणे हे अनुभवाचे काम असते. संत्री, मोसंबी, डाळिंब व पेरू यांच्या बागांत आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार धरण्यासाठी बागाईतदार जो ताण देतात, त्याचेच हे घरगुती रूप होय. रत्नावलीतील नवमालिकेच्या दोहदापेक्षा ते कमी अद्‌भुत असले, तरी अधिक खात्रीचे आहे.

माघात कुंद फुलतो. अमरकोशात त्याला ‘माघ्य’ हे नावच दिले आहे. फुलांचा भर ओसरल्यावर कुंदाची छाटणी करतात. होळीच्या सुमारास पानगळीचा पालापाचोळा गोळा होतो. त्यातला काही होळीत जात असला, तरी जाणत्या घरी तो झाडांच्या आळ्यांत पसरतात. अशा आच्छादनाने ओल टिकते व कडक उन्हात मुळे तापत नाहीत. मावा व इतर किडींवर चुलीतील राख पहाटेच्या दवात पानांवर उधळणे, कडुनिंबाचा पाला कुटून त्याचे पाणी शिंपडणे हे रूढ उपाय होते.

चैत्रापासून कामाचा बोजा पाण्यावर येतो. आडाचे पाणी पोहऱ्याने अथवा रहाटाने शेंदून, कळशीने प्रत्येक आळ्यापर्यंत नेऊन घालणे हे काम सकाळ-संध्याकाळ करावे लागे. वराहमिहिराचा नियम अशा रीतीने सासुरवाशिणींच्या हातांनी व मोलकरणींच्या कमरेवरील घागरींनी पाळला गेला. कोकणात या कामाला शिंपणे म्हणतात व नारळी-पोफळीच्या शिंपण्याबरोबरच फुलझाडांचेही ते होऊन जाते. घाटावर पाणी अपुरे असल्याने त्याची विभागणी होई. अंघोळीचे व मोरीचे पाणी पन्हळीने अळू, केळ व भाजीच्या वाफ्याकडे जाई. तुळस आणि देवाला वाहण्याची फुले ज्या झाडांवर येत, त्यांना खरकटे पाणी घालू नये असा अनेक घरी दंडक होता, त्यामुळे त्यांच्यासाठी आडाचे पाणी वेगळे काढावे लागे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटले, की भाजीचे वाफे प्रथम सोडून देत, त्यानंतर शोभेची झाडे. तुळशीचे पाणी सर्वांत शेवटी तुटे.

अक्षय्य तृतीयेला आळी करून भोपळा, दोडका, पडवळ यांसारख्या वेलांचे बी लावण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. पाऊस सु. महिनाभर दूर असताना थोड्या पाण्यावर वेल रुजवून घेतला, तर मृगाच्या सरींबरोबर तो झपाट्याने चढतो, हा त्यामागील व्यवहार होय. वसंतातील कामांचा येथे शेवट होऊन मांडव, दाब-कलमे व नवी लावणी ही पावसाळी कामे सुरू होतात.

फुलांचा विनियोग व त्याच्या मर्यादा : वसंतातील फुलांना घरगुती आचारात ठरलेली स्थाने आहेत. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने व फुले, चैत्रात देवाला दवणा, चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर बसविलेल्या चैत्रगौरीपुढे मोगऱ्याची आरास आणि हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींना आंब्याची डाळ, पन्हे, भिजविलेले हरभरे यांबरोबर मोगऱ्याचे गजरे असा प्रघात आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाची चंदनउटी याच दिवसांत सुरू होऊन मृगापर्यंत चालते. ज्योतिबाच्या चैत्री यात्रेत दवण्याला मोठा मान असतो. सासवड-जेजुरी परिसरात दवण्याची शेती होण्यामागे देवस्थानांची ही मागणी हे एक कारण आहे.

हा आनंद सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. हळदीकुंकू सुवासिनींचे. परसातील मोगऱ्याला रोज पाणी घालणाऱ्या घरातील विधवा स्त्रीला त्याचे फूल केसांत माळण्याची मुभा नव्हती. तिने कळ्या खुडून हार गुंफावेत व ते देवाला आणि इतरांना जावेत, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारकांनी विधवांच्या स्थितीबद्दल पुष्कळ लिहिले. त्यांत फुलांचा हा तपशील लहान दिसतो, पण रोजच्या जगण्यात तो लहान नसावा.

दुसरी मर्यादा पाण्याची होती. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावच्या विहिरीवर व तलावावर पाणी भरण्याची बंदी असे. पिण्याचे पाणी दुसऱ्याने वरून ओतावे तेव्हा मिळणाऱ्या वस्तीत उन्हाळ्यात फुलझाड जगविणे अशक्यप्राय होते. महाराष्ट्रातील परसबागेचे वर्णन करणारे बहुतेक लेखन वाड्यांचे व बागाईतदारांच्या घरांचे आहे, याचे कारण येथे सापडते. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. घरच्या हौदाचे पाणी हीच घराच्या सुखसोयींची व सोवळ्याची सीमारेषा असलेल्या शहरात ही कृती किती मूलगामी होती, हे वरील मांडणीवरून लक्षात येईल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह याच प्रश्नाचे सार्वजनिक रूप होते.

ब्रिटिश अमदानी : एकोणिसाव्या शतकात लष्करी छावण्या व सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांबरोबर बागेची निराळी कल्पना महाराष्ट्रात आली. घराच्या मागील भागाऐवजी पुढील भागाला महत्त्व, हिरवळ, कडेने वाफे, कुंड्यांच्या रांगा आणि पगारी माळी ही तिची वैशिष्ट्ये होती. मुंबईतील व्हिक्टोरिया गार्डन (राणीचा बाग) १८६२ मध्ये, तर पुण्याजवळील गणेशखिंडीची वनस्पतिबाग १८७३ मध्ये सुरू झाली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन व तेथील वार्षिक पुष्पप्रदर्शन यांनी हौशी बागकामाला उत्तेजन दिले. टी. ए. सी. फर्मिंजर यांचे बागकामावरील पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात काम केलेल्या जी. मार्शल वुड्रो यांनीही भारतातील बागकामावर पुस्तक लिहिले.

इंग्रजांना मायदेशी वसंतात व उन्हाळ्यात दिसणारी फ्लॉक्स, ॲस्टर, पँझी, स्वीट पी, हॉलिहॉक यांसारखी फुले येथे उन्हाळ्यात टिकत नव्हती. त्यांचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरले, तर ती जानेवारी-फेब्रुवारीत उत्तम फुलतात व मार्चच्या उन्हाबरोबर संपतात, हे अनुभवाने कळले. परिणामतः दख्खनमध्ये एकाच आवारात दोन वसंत नांदू लागले. पुढील दारी शिशिरातला विलायती वसंत आणि तो करपू लागला की मागील दारी मोगऱ्याचा चैत्र. पुष्पप्रदर्शने हिवाळ्यात भरण्याचा प्रघात याच कारणाने पडला व तो आजही चालू आहे. मोगरा, बकुळ किंवा सुरंगी यांच्या वाट्याला प्रदर्शनातील पारितोषिके फारशी आली नाहीत. ती त्या वेळी फुललेलीच नसतात.

नळाचे पाणी व नंतर : विहार तलावाचे पाणी मुंबईस १८६० पासून मिळू लागले. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. नळ घरात आल्याने शेंदण्याचे कष्ट कमी झाले व ज्यांच्याकडे आड नव्हता अशा मध्यमवर्गीय घरांतही फुलझाडे आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसविलेल्या उपनगरांतील बंगल्यांत वाड्याची परसबाग व बंगल्याची पुढील बाग यांचा मिलाफ झालेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेने घरगुती भाजीपाल्यावर भर दिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून आलेल्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधील असंख्य जुने वाडे पडले. त्यांच्याबरोबर मागील चौकांतील आड, वृंदावने व झाडेही गेली. पुढील दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती झाल्या आणि परस ही जागाच शहरी घरातून नाहीशी झाली.

या स्थित्यंतरात काही कामे अर्थशून्य झाली. गॅसच्या शेगड्या आल्यावर राख उरली नाही, गाई-म्हशी शहराबाहेर गेल्याने शेणखत विकत घ्यावे लागू लागले आणि अपमार्जकांमुळे धुण्याचे पाणी झाडांच्या उपयोगाचे राहिले नाही. दुसरीकडे गच्ची व सज्जा यांवरील बागेचे नवे तंत्र पुढे आले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे पालापाचोळा व स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून अल्प मातीत भाजीपाला व फळझाडे वाढविण्याच्या नगरशेतीचा प्रसार केला. मोरीचे पाणी अळवाला व पाचोळा आळ्याला देणाऱ्या जुन्या गृहव्यवस्थेशी या विचाराचे नाते आहे.

ग्रामीण भागात परसबाग टिकून आहे, विशेषतः कोकणात. पठारावरील खेड्यांत मात्र कूपनलिकांमुळे भूजलाची पातळी खाली गेल्याने घरचे आड फाल्गुनातच कोरडे पडण्याचे प्रकार वाढले आहेत आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांत चैत्रगौरीसाठी मोगरा बाजारातून आणतात. शहरांत तो कुंडीत लावतात. कुंडीतील मोगऱ्याला जमिनीतल्याप्रमाणे महिनाभर ताण देता येत नाही, कारण थोड्या मातीत मुळे लवकर सुकतात. म्हणून जानेवारीत आठ-दहा दिवस पाणी कमी करून त्याची हलकी छाटणी करतात, वरची ५–६ सेंमी. माती काढून तेथे शेणखत भरतात आणि कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवतात.